चिपवरची साय

आमच्या प्रयोगशाळेत धुण्याचं काम फार. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ थर. आमच्या नखाएवढ्या चिपवर तो पसरलेला असतो, आणि त्याला काहीही चिकटलं की त्यातून वाहणारी वीज किंचित बदलते. डीएनएचे चार घटक त्यावर कसे बसतात, हे आम्ही मोजत होतो. ग्वानिन घट्ट धरून बसतं, थायमिन लवकर सुटतं. हे नीट उमगलं, तर रक्ताच्या थेंबावरून आजार ओळखणारी चिप करता येईल, अशी आशा. मोजा, धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. ‘एवढं शिकून शेवटी भांडीच घासतेय,’ असं मी म्हणायची आणि मास्तर दर वेळी हसायचे. मास्तर म्हणजे माझे सहकारी. पूर्वी शाळेत शिकवायचे, ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्या आठवड्यात एक चिप काही केल्या धुतली जाईना. पाणी झालं, अल्कोहोल झालं, वीज दाखवणारी पडद्यावरची रेघ खाली यायचं नाव घेईना. चिप उजेडात तिरकी धरली तेव्हा तिच्यावर पिवळट पापुद्रा दिसला. गार दुधावर येते तशी साय. चिमट्यानं डिवचली तर ती सुरकुतली, आणि चिमटा काढताच सावकाश सपाट झाली.

“बुरशी असेल,” मास्तर म्हणाले.

“बुरशीला खायला काय आहे त्यावर?”

आमचे घटक कारखान्यात तयार झालेले, सुटे. साखरेच्या धाग्यात ओवल्याशिवाय त्यांचा डीएनए होत नाही. तो धागा आमच्या टेबलावर कुठेच नव्हता.

साय जाड होत गेली. चिपच्या कडेवरून ओघळून काचेच्या बशीत पसरली. तिला वास होता, आंबूस, कोमट, मानेच्या घडीत घाम मुरला की येतो तसा. जेवणाचा डबा उघडला तरी नाकात तोच. घास तोंडात फिरायचा, गिळवायचा नाही. हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली.

मी सायीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बारीक छिद्रं होती. प्रत्येकाच्या तोंडाशी तेलकट थेंब. एकातून मऊ, पांढरी लव बाहेर आली होती.

मास्तरांनी पाहिलं आणि खुर्ची मागे ढकलली. “शी! अगं, हे कातडं आहे.”

शेजारच्या इमारतीत माझी नणंद डीएनए तपासते. आमच्यापैकी कुणाची शिंक नमुन्यात पडली तर ओळखू यावी म्हणून आम्हा सगळ्यांचा डीएनए तिच्याकडे आधीच नोंदलेला आहे. मी तिला तुकडा नेऊन दिला. काय आहे ते सांगितलं नाही. माझीच कातडी निघेल, अशी माझी खात्री होती. खरं तर तशी इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. आवाज हळू होता.

“वहिनी, हा नमुना कुणाचा?”

“माझाच असेल ना? हात लागला असेल.”

“तुमचा नाही. बाईमाणसाचा आहे, आणि अर्धा तुमच्याशी जुळतो. बरोब्बर अर्धा. म्हणजे एक तर तुमच्या आई, नाहीतर...”

“आईला जाऊन वर्षं झाली.”

“तेच तर. एक विचारू? रागावू नका. दादाला माहीत आहे?”

मला मूल नाही. कधी दिवसही गेले नाहीत. हे तिला ठाऊक होतं, तरी मी ते मोठ्यानं सांगितलं. पलीकडून नुसतं “बरं” आलं.

मी फोन ठेवला. मास्तरांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी आम्लाची बाटली आणून माझ्यासमोर ठेवली.

“ओत आणि मोकळी हो.”

मी हातमोजे चढवले. बशी जवळ ओढली. काच कोमट लागली.

बाटलीचं झाकण फिरवलं.

थेंबही पडला नव्हता. पडद्यावरची रेघ एकदम वर गेली.

आणि त्या कातडीवर काटा आला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, सरसरत. लव उभी राहिली.

“ओत!” मास्तर ओरडले.

माझा हात हलेना. त्यांनी बाटली हिसकावून उपडी केली. कातडी आक्रसली, फेसाळली, विरघळली. आवाज काहीच झाला नाही. तान्ह्याच्या टाळूसारखा वास मात्र खोलीभर भरला.

मी तोंडावर हात दाबून बेसिनकडे पळाले आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकले. मास्तर मागून पाणी घेऊन आले. पेला पुढे करता करता थबकले आणि नजर चोरून भिंतीकडे बघू लागले.

“काय झालं?”

“ॲप्रन... बदल तेवढा.”

मी खाली पाहिलं. छातीवर दोन्ही बाजूंना ओले, कोमट डाग पसरत होते.