मऊ हातांचा पेन्शनर

शफीची आणि माझी ओळख झाली, ती त्याची कुबडी माझ्या ओल्या कागदात घुसली म्हणून!

मार्गशीर्षातली दुपार होती. त्या दिवसांत जुन्नरला पाऊस यायचं काही कारणच नव्हतं, म्हणून अब्बांनी आणि मी ताजे कागद अंगणातल्या सारवलेल्या भिंतीवर निवांत चिकटवून ठेवले होते. आमचं घराणं हातकागद करणारं. भिंतीवरचा कागद भिजला, की चार दिवसांची मेहनत पुन्हा लगद्यात. आणि नेमकी नाणेघाटाकडून एक चुकार सर आली…

अब्बा बाजारात गेले होते. मी दोन्ही हातांनी कागद सोडवत होते, आणि वारा ते माझ्या हातातून ओढत होता.

"अहो, बघताय काय? धरा की!" रस्त्यानं कोण चाललंय हे न पाहताच मी ओरडले.

तो आत आला. अंगात खाकी कोट, काखेत कुबडी, डावा पाय गुडघ्याखाली नाही. त्यानं कोट काढला, कागदांच्या गठ्ठ्यावर पांघरला, आणि मोठ्या ऐटीत मागं वळला. खाली एक कागद पडला होता. कुबडी त्यातून आरपार!

"गेला…" तो म्हणाला.

"गेला न्हाई, तुमी मारलात."

"लढाईवरनं आलोय. हाताला सवय ऱ्हाती."

मी रागावलेली होते, म्हणून हसू दाबलं. त्याला ते दिसलं. मग पाऊस थांबेपर्यंत आम्ही दोघं ओसरीच्या दोन टोकांना उभे राहिलो — दोघंही चिंब भिजलेले.

हा गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बिबिजानखालाचा मुलगा शफी. बसऱ्याकडच्या लढाईत पाय गमावून वर्षापूर्वी परत आलेला. गल्लीतल्या सगळ्या मुली त्याला शफीभाई म्हणायच्या. मीही म्हणायला हवं होतं. पण का कोण जाणे, 'भाई' काही माझ्या तोंडून निघेना.

निघताना त्यानं माझ्या हातातून कोट घेतला, आणि माझी नजर त्याच्या तळहातांवर गेली. एवढा दांडगा माणूस आणि हात कसे, तर नव्या नवरीसारखे!

"हे हात हायेत का लोण्याचे गोळे?"

तो लाजला. खरंच लाजला! "पेन्शनीचे हात हायेत," म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. पायाबद्दल सरकारची पेन्शन मिळत होती. पण दर वर्षी पुण्याहून डॉक्टर साहेब यायचा, तंबूत बसायचा, एकेकाला तपासायचा. आणि साहेब सगळ्यात आधी काय करतो? हात धरतो! तळहातावर घट्टे दिसले, की हा माणूस काम करतोय हे साहेबाला कळतं, आणि पेन्शन बंद. मढ गावच्या जानकूचं असंच झालं होतं. गडी परत नांगराला लागला, साहेबानं हात धरला, आणि पेन्शन गेली. तेव्हापासून मढपासून महाळुंग्यापर्यंत जेवढे जखमी पेन्शनर होते, त्यांनी कामाला हात लावणं सोडलं होतं. बिबिजानखाला तर रोज लेकाच्या तळहातांना तीळतेल चोळायची. घागरसुद्धा उचलू द्यायची नाही.

"मग दिवसभर करता काय?"

"बसतो."

"आन् उद्या?"

"उद्या बी बसतो," तो म्हणाला, आणि हसला. ते हसणं मला मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो फाटलेल्या कागदाची माफी मागायला आला. तिसऱ्या दिवशीही त्याच कागदाची माफी मागायला आला! अब्बांनी माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं.

अब्बांचा खांदा त्या वर्षी फार दुखायचा. खळ लावून वाळवलेला कागद फळीवर ठेवायचा, आणि गुळगुळीत दगडानं घोटत राहायचं, चकाकी येईपर्यंत… बैठकीचं काम, पण ताकदीचं. शफी बघत बसायचा. बघता बघता त्याची बोटं मांडीवर तसाच हात फिरवायला लागायची.

"आवो, या की मग," अब्बा म्हणाले. "हितं पाय लागत न्हाई."

त्यानं हाताला चिंधी गुंडाळली, घट्टे पडू नयेत म्हणून. चिंधीतून दगड निसटायचा, कागद चुरगळायचा. मी समोर बसून तोंडात पदर धरायची.

"हसा, हसा," तो म्हणायचा. "तुमचाच कागद वाया जातोय."

"कागद ऱ्हाऊ द्या. तुमचं तोंड बघून हसतेय."

"मंग बघत ऱ्हावा… मला चालतंय."

माझे कान तापले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यानं चिंधी सोडली. मला न सांगता, कुणालाच न सांगता. उघड्या हातानं दगड धरला, आणि पहिल्यांदाच कागदात खिडकीचा उजेड उतरला. तो कागद त्यानं माझ्यापुढं धरला तेव्हा त्याचा चेहरा असा होता, की मला रडू यायला लागलं. मी चहाचं निमित्त करून आत गेले.

माझं ठरलेलं लग्न आदल्या वर्षीच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत मोडलं होतं. मुलगा गेला. मी त्याला एकदाही पाहिलं नव्हतं, तरी लोक मला अपशकुनी मानायला लागले. आता कुणावर जीव जडणार नाही, अशी माझी मी समजूत घालून घेतली होती. आणि इथं मी रोज सकाळी कुबडीचा आवाज ऐकायला कान टवकारून बसत होते!

माघ संपता संपता शफीच्या तळहातांवर घट्टे आले. बिबिजानखाला तडक आमच्या दारात.

"आबेदा, तूच सांग त्याला," ती म्हणाली. मला वाटलं होतं भांडेल. तिनं माझा हात धरला. "गिरणीचा कागद बाजारात येतोय. तुमचा धंदा आज हाय, उद्या न्हाई. सरकारचं मरेस्तवर हाय. माझ्यामागं ह्या लंगड्या पोराला कोण खाऊ घालंल? चैतात साहेब येतोय. तवर हात मऊ व्हतील, पर त्यानं काम सोडलं तर."

ती खोटं काय बोलत होती? अब्बांचं जुनं गिऱ्हाईक सुगनचंद शेट, तोसुद्धा आता वह्यांना गिरणीचाच कागद घ्यायला लागला होता. मला शफी हवा होता. पण त्याच्या आईच्या ताटातला घास काढून नको होता.

संध्याकाळी मी त्याला म्हणाले, "उद्यापासनं येऊ नका."

"कोण सांगतंय? अम्मी?"

"मी."

त्यानं कुबडी काखेत घेतली. "तुला मऊ हातांचा माणूस पायजे?"

मी पाठ फिरवून कागद आवरायला लागले. तो गेला.

नंतर कुबडीचा आवाज दारावरून जायचा, पण थांबायचा नाही. कागद मी घोटायला लागले, आणि रागानं इतके चुरगळले, की अब्बांनी माझ्या हातून दगड काढून घेतला. एकदा त्याच्या घरावरून जाताना पाहिलं. शफी ओट्यावर बसला होता, दोन्ही हात पुढं करून, आणि खाला ते चोळत होती. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. तिथं बघण्यासारखं काहीच नव्हतं. मी घरी येऊन खूप रडले. हे मीच केलं होतं.

साहेबाच्या तपासणीच्या दिवशी सकाळी कुबडीचा आवाज आला, आणि थांबला. तो थेट आत येऊन फळीसमोर बसला.

"अमजदचाचा, दगड द्या," तो अब्बांना म्हणाला.

"पोरा, आज तुला तंबूत जायचंय…"

"जाणारच हाये. पर हे हात घेऊन जायचं न्हाई मला."

मऊ पडलेल्या हातांनी तो घोटायला बसला. थोड्याच वेळात कातडी सोलली, लाल फोड उठला. मी धावले.

"वेड लागलंय का? साहेब बघंल!"

"बघू दे." तो मान वर न करता म्हणाला. "पाय सरकारच्या कामात गेला, त्याचं सरकार देतंय ते ठीक. हात माझा हाये, आबेदा. तो मी पेन्शनीत देणार न्हाई." मग त्यानं दगड खाली ठेवला. आवाज एकदम हळू झाला. "पेन्शन ग्येली, तर माझ्याकडं ह्यो फोड आलेला हात तेवढा ऱ्हाईल. तू… येशील?"

अब्बा उठून अंगणात गेले. भिंतीशी त्यांना अचानक फार काम निघालं.

"यीन," मी म्हणाले.

तंबूच्या बाजूचे पडदे उकाड्यामुळे वर बांधले होते. आम्ही चिंचेखाली उभे होतो — अब्बा, मी, आणि तोंडात पदर कोंबून बिबिजानखाला. शफीची पाळी आली. साहेबानं हात धरला. खालानं डोळे मिटले.

शफीनं तळहात उघडा केला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब, मी काम करतो! कागद घोटतो! आज बी घोटला!"

साहेब वैतागला. त्याचं लक्ष दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे होतं. त्यानं कारकुनाला काहीतरी सांगितलं, आणि कारकून ओरडला, "अरे, गप ऱ्हा! साहेब नाडी बघतायत!"

नाडी!

पुढं साहेबानं पाय पाहिला, हातानं दाबून पाहिला. मग विचारलं, हा मघाशी काय म्हणत होता? कारकुनानं सांगितलं. साहेब हसला, काहीतरी बोलला.

"साहेब इचारतात," कारकून म्हणाला, "काम करून पाय परत उगवला का? न्हाई ना? मग पेन्शन चालू. जा!"

"आन् मढचा जानकू?" शफीला राहवेना.

"त्याच्या खांद्याची जखम बरी झाली व्हती. घट्ट्यांचं कुणी सांगितलं तुमाला?"

पाळीची वाट बघत चिंचेखाली जमलेले सगळे पेन्शनर आपापल्या मऊ हातांकडे बघायला लागले. बिबिजानखालानं आधी अल्लाचे आभार मानले, आणि मग वर्षभर वाया घालवलेल्या तेलाबद्दल साहेबाला अशा काही शिव्या दिल्या, की अब्बांनी तिला हाताला धरून बाजूला नेलं. तिकडेच तिनं त्यांना सांगून टाकलं, की या पोराला आता तुमच्याच फळीसमोर बसवा, आणि पोरगी माझ्या घरी द्या.

शफी कुबडी टेकत माझ्याजवळ आला. डोळ्यांत नुसती मस्ती.

"आता पेन्शन बी हाये, काम बी हाये. सकाळी घाईत इचारलं व्हतं. परत नीट इचारू का?"

"नगं," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. "का?"

"आता कुणी बी व्हय म्हनंल. माझं सकाळचंच ऱ्हाऊ द्या."

 उन्हातून घरी येईपर्यंत तो माझ्याकडे बघत राहिला, आणि वाटेत दोनदा ठेचकाळला.