सांधलेले भाऊ

तोरसकरांच्या घरचं बारसं दोनदा पुढे ढकललं गेलं, आणि वेंगुर्ल्यात त्याची कुजबुज झाली नसती तरच नवल. बाळाला सर्दी झाल्याचं पाहुण्यांना सांगितलं होतं. बाळ ठणठणीत होतं. बाळाच्या वडिलांच्या, निनादच्या, मनात मात्र संशयाचं भूत शिरलं होतं.

त्या काळी बारशाआधी बाळाच्या गालाच्या आतून बोळा फिरवून तो नमुना सांधणी केंद्रात द्यायची रीत पडली होती. सांधणी म्हणजे आप्ताचा अवयव रुग्णाला असा बसवणं, की शरीर त्याला परका समजतच नाही. पूर्वी दुसऱ्याची किडनी घेतली की जन्मभर गोळ्या खाव्या लागत, नाहीतर शरीर ती नाकारत असे. सांधणीने गोळ्या बंद केल्या. उद्या बाळावर वेळ आलीच तर कोण उपयोगी पडेल हे माहीत असावं, म्हणून लोक पत्रिकेआधी हा नमुना तपासून घेत. निनादला स्वतःला मोठ्या भावाची, गुरुनाथची, किडनी सांधली होती. तिच्या जोरावर तो उठला, बोटी बांधायच्या कारखान्यात पुन्हा रुजू झाला आणि केतकीशी लग्न करून संसाराला लागला.

केंद्रातल्या तंत्रज्ञाने फोनवर अगदी सहज विचारलं होतं, "तुम्ही बाळाचे काका का? वडील म्हणून गुरुनाथ तोरसकरांचा नमुना जुळतोय." निनाद 'हो' म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. का म्हणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मग काय, त्याला जिकडेतिकडे पुरावेच दिसू लागले. गुरुनाथ बाजारातून सरंगा मासा आणायचा तो केतकीला आवडतो म्हणूनच. ती त्याला चहा द्यायची तेव्हा कपात साखर किती हे विचारत नसे. निनाद कामासाठी गोव्याला राहिला होता, तेव्हा घरात कोण होतं? ज्याने जीव वाचवला त्याच्यावरच आळ घ्यायचा, याची त्याला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा राग मोठा होता. तो बाळाला उचलेनासा झाला. पाळण्याशी उभा राहून तो लेकीची जिवणी, कान, नखं न्याहाळायचा आणि भावाशी ताडून बघायचा.

शेवटी त्याने गुरुनाथला बंदरावर गाठलं. गुरुनाथने सगळं ऐकून घेतलं.

"किडनी दिलंय मी तुका," तो म्हणाला, "तुझो संसार मागूक इलंय नाय."

निनादला ते खरं वाटलं नाही. चोर कधी कबूल करतो का? घरी येऊन त्याने केतकीलाही विचारलं. ती रडली नाही की भांडली नाही. ज्यांनी सांधणी केली त्या डॉक्टर यास्मिन मुकादमांकडे जायचं, आणि मीही बरोबर येणार, एवढंच तिने बजावलं.

मुकादमबाईंनी निनाद, केतकी आणि बाळ अशा तिघांचे नमुने नव्याने घेतले. निनादचं रक्त घेतलं, गालाचा बोळा घेतला आणि बंद खोलीत पाठवून त्याचं वीर्यही मागून घेतलं. निकालाच्या दिवशी त्यांनी दोघांना बसवलं आणि काचेच्या टाकीतला एक शंख दाखवला. आत एक खेकडा बिऱ्हाड करून होता. शंखावर गुलाबी लव वाढली होती.

ती लव म्हणजे प्राण्यांची वसाहत, त्यांनी सांगितलं. प्रवाळ आणि जेलीफिश यांची ही लांबची भावंडं. यातले काही देठ नुसते खातात, काही नुसते डंख करतात आणि काही नुसती पिलावळ तयार करतात. पोटातली नळी सगळ्यांची एकच. दोन परक्या वसाहती एकमेकींना टेकल्या तर डंख मारून लढतात. सख्ख्या असल्या तर मात्र ओळख पटते आणि त्या जुळून एक होतात. ही ओळख पटवणारा रेणू त्यांनी इथूनच उचलला होता. सांधणी म्हणतात ती हीच.

"मग यात माझ्या पोरीचा काय संबंध?" निनादने विचारलं. बायकोने हिला आधीच फितवलं असणार, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

"आमची चूक झाली," मुकादमबाई म्हणाल्या. "टाकी घाण होते म्हणून आम्ही पिलावळीचे देठ खुडून टाकत होतो. सगळ्या प्रयोगशाळांत हेच चालायचं. त्यामुळे पुढचं आम्हाला कधी दिसलंच नाही."

पुढचं त्यांना अलीकडेच दिसलं होतं. जुळलेल्या वसाहतींपैकी एकीच्या मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून बाकीच्या पेशी घडतात त्या, सामाईक नळीतून दुसरीत शिरत. दुसरी बाहेरून होती तशीच दिसे, पण पिलावळ मात्र पहिलीची होई. किडनीबरोबर आलेल्या पेशींनी इथेही तेच केलं होतं, निनादच्या वीर्यात निनाद कुठेच नव्हता. सगळं बीज गुरुनाथचं होतं. केतकीने काहीच केलं नव्हतं, गुरुनाथनेही नव्हतं. जे झालं ते निनादच्याच शरीरात, त्याला न विचारता झालं होतं.

निनादला हे पचायला वेळ लागला. आपल्याला स्वतःचं मूल होणार नाही हे कळूनही आधी त्याला सुटल्यासारखंच वाटलं, आणि मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोला आणि भावाला त्याने काय काय ठरवलं होतं. बारसं येत्या रविवारी करू, तो घाईघाईने म्हणाला. भावाचे पाय धरतो, तू मला माफ कर. केतकी बाळाला खांद्यावर घेऊन बसली होती. ती डॉक्टरांकडे वळली.

"मॅडम, रक्ताचं काय निघालं?"

"रक्तातही बरंच भावाचं आहे," मुकादमबाई म्हणाल्या. "गालातही सुरुवात झालीय."

"मग हे अजून किती उरलेत?"

निनादने बाळाला घ्यायला हात पुढे केले. केतकीने त्या हातांकडे नीट निरखून पाहिलं, बोटं, नखं, मनगटं, आणि बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.