उलट्या पिळाची तार

लायल क्रॉफ लाकडी ट्रे छातीशी धरून आत आला आणि ऑर्विन टीलचा दिवस बिघडला.

कारण मॅव्हिस त्याच्यासाठी खुर्चीतून उठली. ऑर्विन अकरा वर्षं रोज सकाळी त्या दारातून आत येत होता, त्याच्यासाठी ती एकदाही उठली नव्हती. पस्तीस वर्षांपूर्वी लायलनं मॅव्हिसला तालुक्याच्या जत्रेत नाचायला नेलं होतं. एकदाच. पुढं त्यानं नोरीनशी लग्न केलं, मॅव्हिसनं कुणाशीच केलं नाही. पण तो एक नाच ऑर्विनच्या घशात अजून अडकून होता.

मॅव्हिस ऑस्ट्रँडरनं तीस वर्षं गुरांवरचे मालकीचे डाग तपासायची सरकारी नोकरी केली होती. चोरीच्या वासराचा डाग बदललेला असला, तरी तो ती दहा हातांवरून ओळखायची. निवृत्त झाल्यावर तिनं चाऱ्याच्या दुकानामागच्या खोलीत खाजगी चौकशीचं काम सुरू केलं. शेरीफच्या, म्हणजे तालुक्याच्या पोलीसप्रमुखाच्या, ऑफिसातून निवृत्त झालेला ऑर्विन तिची गाडी चालवायचा आणि वहीत टिपून घ्यायचा.

"नळी गेली," लायल म्हणाला आणि त्यानं ट्रे टेबलावर ठेवला.

ट्रेमध्ये एका रायफलीचे सुटे भाग मांडलेले होते. सेमी-ऑटोमॅटिक, पुढची गोळी आपोआप भरणारी, कायोटीच्या म्हणजे वासरं मारणाऱ्या रानकुत्र्यांच्या शिकारीसाठी. ब्रिटल क्रीक गावात लायलच्या हातची रायफल म्हणजे शेवटचा शब्द. पण ही त्यानं कुणाच्या मागणीवरून बांधायला घेतली नव्हती. अख्खा हिवाळा एकेक भाग निवडण्यात घालवला होता. प्रत्येक भागाला बारीक तारेनं चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर जाड पेनानं बोटभर उंच अक्षरं.

लायल एकेका भागावर बोट ठेवून सांगत गेला. हा आखूड दस्ता. हा ट्रिगर, हातमोजे घालूनही दाबता येईल असा. सेफ्टीचा खटका, नेहमी डाव्या अंगाला असतो तो इथं उजव्या अंगाला. नळीखाली धरायला अक्रोडाचा टेकू, हा त्यानं स्वतः कोरलेला, मध्ये खोल खाच असलेला. आणि हा बोल्ट, काडतूस नळीत ढकलून ती मागून बंद करणारा. नळी आणि बोल्ट एकमेकांशी मापून जुळवलेले, म्हणून दोन्ही एकाच तारेनं बांधून ठेवले होते. आता बोल्ट होता, तार होती, चिठ्ठी होती. नळी नव्हती.

"दुसरी मागव," ऑर्विन म्हणाला.

"नऊ महिने लागतात. मला शनिवारी हवी आहे."

शनिवारी कायोटीच्या शिकारीची वार्षिक स्पर्धा होती. गाई व्यायच्या आधीची. जोडीजोडीनं जायचं, एकानं हाळी देऊन जनावर बोलवायचं, दुसऱ्यानं टिपायचं. लायल आणि डेन्झिल रॅपहान बावीस वर्षं जोडीनं जात होते. यंदा लायलनं डेन्झिलला सांगितलं, की मी तुझ्यासोबत येणार नाही. आणि गेले तीन महिने तो रोज दुपारी कोरा येट्सच्या गाडीतून टेकड्यांत जायचा. कोरा तिशीची, काटक, उत्तम हाळी देणारी. गावाला दोन अधिक दोन करायला वेळ लागला नाही.

"पुढच्या वर्षी बांध ना," ऑर्विन म्हणाला.

"पुढच्या वर्षी नाही जमणार. ही माझी शेवटची."

"कुणासाठी आहे?" मॅव्हिसनं विचारलं.

"ते शनिवारी कळेल. शेरीफकडे मी जाणार नाही, मॅव्हिस. नळी आपल्याच माणसानं नेली आहे. किल्ली दाराच्या चौकटीवर असते हे आपल्याच माणसांना ठाऊक."

रविवारी सकाळी नळी जागेवर होती. अकरा ते तीन सगळं गाव चर्चच्या हॉलमध्ये जेवायला होतं. सोमवारी नळी गायब. आज मंगळवार होता.

लायलनं कॉफीच्या कपाकडे हात नेला आणि तो कपाच्या बाजूनं गेला. मॅव्हिसनं कप त्याच्या बोटांपर्यंत सरकवला. ऑर्विननं ते पाहिलं आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आपला कप आपल्याला तीनदा मागावा लागतो, हा विचार त्याच्या डोक्यातून दिवसभर गेला नाही.

लायल गेला तसा बाहेर गाडीचा आवाज झाला. कोराच त्याला घेऊन आली होती. ट्रे मात्र तो ठेवून गेला. मॅव्हिस खुर्ची ओढून ट्रेसमोर बसली आणि एकेक चिठ्ठी उलटसुलट करून पाहत राहिली.

"या तारा बघ," ती म्हणाली.

ऑर्विननं पाहिल्या. सगळ्या एका बाजूला पिळलेल्या, टोकं अशीच बाहेर सोडलेली. बोल्टाभोवतीची एकच तार उलट्या बाजूला पिळलेली होती आणि तिचं टोक आत वळवून दाबलेलं होतं.

"तार आहे," तो म्हणाला. त्याचं लक्ष अजून कपावरच होतं.

दुपारी ते नोरीनकडे गेले. लायलच्या बायकोनं त्यांना स्वयंपाकघरात बसवलं, ॲपल पाय कापून दिला आणि मग मनातलं सगळं ओतलं. तीस वर्षांत या माणसानं मला भांड्यांचं कपाट करून दिलं नाही. आणि आता हिवाळाभर त्या वर्कशॉपात. दुपारी ती पोर येते, हॉर्न वाजवते आणि हा बूट घालून तयार. स्वतःची गाडी दारात उभी असताना तिच्या गाडीतून जातो.

"नळी तू नेलीस का, नोरीन?" मॅव्हिसनं सरळ विचारलं.

"नेली असती तर नुसती नळी नेली नसती. अख्खा ट्रे ओढ्यात फेकला असता, आणि वर त्या पोरीचा हॉर्न." असं म्हणून तिनं डोळे पुसले आणि ऑर्विनच्या बशीत आणखी एक तुकडा टाकला.

नोरीनचा भाऊ व्हर्जिल याचं बाजारपेठेत बंदुकांचं दुकान होतं. गिऱ्हाईक त्याच्याकडून काडतुसं घ्यायचं आणि रायफल मात्र लायलकडून बांधून घ्यायचं. हे व्हर्जिलला वीस वर्षं जाळत आलं होतं, आणि तो ते लपवतही नव्हता. शनिवारी लायलची शेवटची रायफल जिंकली, तर मरेपर्यंत लोक तिचंच नाव घेणार, असं तो म्हणाला.

"म्हणून नळी घेतलीस?" ऑर्विननं विचारलं. त्याला हा माणूस पसंत पडला होता, चोर म्हणून.

व्हर्जिल हसला. "नुसती? जुळवलेला बोल्ट शेजारी पडलेला असताना? माझ्या दुकानातला झाडूवालासुद्धा दोन्ही उचलेल. एकटी नळी वापरायची तर पुन्हा सगळी मापं जुळवत बसा, आणि विकायला गेलं तर पहिला प्रश्न येणार, बोल्ट कुठंय."

बाहेर आल्यावर ऑर्विन म्हणाला, की कोराच्या हातात नवी रायफल पडू नये असं वाटणारी एकच व्यक्ती आहे, नोरीन. मॅव्हिस म्हणाली, कोराकडे स्वतःची हातानं बोल्ट ओढायची रायफल आहे आणि गेल्या वर्षी त्याच रायफलीवर ती दुसरी आली. तिला ही कशाला हवी? ऑर्विननं गाडी सुरू केली.

डेन्झिल रॅपहान आपल्या रानात कुंपण दुरुस्त करत होता. साठीचा, उंच, बोलायला तुटक. त्याच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता. तरुणपणी घोड्यावरून दोरानं बैल अडवताना दोराचा वेढा खोगिराच्या खुंटीत अडकला आणि अंगठा घेऊन गेला. त्या भागात असे हात पुष्कळ. तेव्हापासून तो पक्कड डाव्या हातात धरायचा आणि बंदूक डाव्या खांद्याला लावायचा.

"रविवारी जेवायला हॉलमध्ये होतास?" मॅव्हिसनं विचारलं.

"होतो. निघालो लवकर. गाय अडली होती." त्यानं तार खांबाला पिळली, टोक आत वळवलं. "आणि त्याच्या रायफलीबद्दल मला विचारू नका. बावीस वर्षं मी त्याच्या शेजारी बर्फात पालथा पडलोय. माझ्यासाठी त्यानं साधा पट्टा शिवला नाही. तिला खुशाल बांधून देऊ दे."

बोलता बोलता तो वाकला, चिखलातून बोटभर तारेचा तुकडा उचलला आणि खिशात टाकला. गाय असली तार चाऱ्याबरोबर गिळते आणि आतून भोसकून मरते. गुरं पाळणारा माणूस झोपेतसुद्धा तारेचं सुटं टोक ठेवत नाही.

गोठ्यामागं तेलविहिरीच्या जुन्या लोखंडी सळ्यांचा ढीग होता, कुंपणाचे खांब करायला आणलेला. मॅव्हिस जाताना त्याच्याजवळ क्षणभर थांबली. मग गाडीत बसली.

"शोधायचं नाही?" ऑर्विननं विचारलं.

"मी शोधली तर ती चोरी होईल," ती म्हणाली. "त्यानं आणून दिली तर कदाचित नाही होणार."

गुरुवारी दुपारी तिनं सगळ्यांना लायलच्या वर्कशॉपात बोलावलं. नोरीन दाराशी हाताची घडी घालून उभी राहिली, व्हर्जिल शेगडीजवळ, कोरा खिडकीत. डेन्झिल टोपी हातात घेऊन भिंतीला टेकला होता. लायल स्टुलावर, आणि त्याच्यासमोर तो ट्रे.

"चोरानं बोल्ट ठेवला," मॅव्हिस म्हणाली. "म्हणजे त्याला नळी वापरायची नव्हती आणि विकायचीही नव्हती. ही रायफल बनू नये, एवढंच हवं होतं. हे व्हर्जिलनंच मला शिकवलं, म्हणून व्हर्जिल सुटला."

व्हर्जिलनं मान हलवली.

"नळी घ्यायची तर तार सोडवावी लागणार. चोरानं ती सोडवली. मग ती टाकून देता आली असती, नोरीननं दिलीच असती. पण यानं ती पुन्हा बोल्टाला बांधली आणि टोक आत वळवलं. चोरी करतानाही. हे गुरं न पाळणारी बाई करत नाही, दुकानदार करत नाही. ज्याची गाय तार खाऊन मेली आहे तो करतो."

"गुरं माझ्याकडेही आहेत," कोरा म्हणाली.

"आहेत. पण तू उजव्या हातानं तार पिळतेस, लायलसारखी. ही उलटी पिळलेली आहे. डाव्या हातानं."

कुणीच डेन्झिलकडे पाहिलं नाही. त्याची उंच मान आपोआप खाली गेली.

"हो," तो म्हणाला. "मीच."

लायलनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मॅव्हिस मात्र थांबली नाही, आणि ऑर्विनला पहिल्यांदा तिची थोडी भीती वाटली.

"डेन्झिल, तू ट्रेमधला बाकी एकही भाग हातात घेतला नाहीस ना?"

"कशाला घेऊ? तिची रायफल मला काय बघायची."

"आता बघ. दस्ता आखूड, कारण बर्फात पालथं पडताना अंगात जाड कोट असतो. सेफ्टीचा खटका उजव्या अंगाला. डाव्या हातानं झाडणाऱ्याच्या अंगठ्याला तोच सापडतो. सेमी-ऑटोमॅटिक का? कारण बोल्टची रायफल दर गोळीला उजव्या हातानं ओढावी लागते, आणि अंगठा नसला की दुसरं कायोटी निसटतं. आणि हा टेकू." तिनं अक्रोडाचा तुकडा उचलला. "आम्हाला वाटलं बाईच्या लहान हातासाठी असेल. यात चार बोटांची जागा आहे. अंगठ्याची नाही."

नोरीननं हाताची घडी सोडली.

"मग कोरा?" नोरीननं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"बोटभर उंचीची अक्षरं," मॅव्हिस म्हणाली. "कपाच्या बाजूनं जाणारा हात. दारात गाडी असून दुसऱ्याच्या गाडीतून जाणारा माणूस. आणि स्वतःच्याच ट्रेमधली उलटी तार ज्याला दोन दिवस दिसली नाही, असा कारागीर. लायल, पुढचं तू सांग."

लायलनं हात मांडीवर पुसले. "मधलं दिसत नाही," तो म्हणाला. "कडेचं दिसतं अजून. डॉक्टर म्हणतो, पुढच्या हिवाळ्यापर्यंत तेही जाईल. नोरीनला सांगितलं असतं तर तिनं हा हिवाळा रडण्यात घालवला असता, आणि मला रायफल संपवायची होती. डेन्झिलला सांगितलं असतं तर तो शिकारीला गेलाच नसता. मी त्याला ओळखतो. म्हणून त्याच्यासाठी नवा जोडीदार तयार करत होतो. कोराला दाखवत होतो, तो कुठं बसतो, किती वेळ थांबतो, वारा फिरला की कसा चिडतो. शनिवारी मी गाडीतच बसणार होतो. कडेकडेनं का होईना, यंदा तुम्हा दोघांना टेकडीवर बघता आलं असतं."

नोरीन दारातून हलली आणि त्याच्या मागं येऊन उभी राहिली. तिनं त्याच्या कॉलरचं टोक सरळ केलं.

डेन्झिल टोपी घालून बाहेर गेला. व्हर्जिल म्हणाला, पळाला. मॅव्हिस म्हणाली, बसा.

वीस मिनिटांनी गाडी परत आली. डेन्झिलच्या हातात तेलकट फडक्यात गुंडाळलेली नळी होती. दोन्ही तोंडांना मेणाचे बोळे घातलेले, गंज चढू नये म्हणून. चार दिवस ती सळ्यांच्या ढिगात होती आणि तिच्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

"मोडायला नेली होती," तो म्हणाला. "नाही मोडता आली. तुझं काम होतं ते."

लायलनं नळी बोटांनी चाचपली, बोल्टाशेजारी ठेवली. मग अक्रोडाचा टेकू उचलून हवेत धरला. डेन्झिल कुठं उभा आहे ते त्याला नक्की कळत नव्हतं. डेन्झिलनं पुढं होऊन आपला उजवा हात त्या खाचेत ठेवला. चारही बोटं बरोबर बसली. लायलनं वरून आपला हात ठेवून पाहिलं, कुठं फट राहिली का.

ऑर्विन शेगडीकडे बघत होता. आपण लायलवर मंगळवारपासून जळत होतो आणि मॅव्हिसनं सरकवलेला तो कप कशासाठी होता हे आपल्याला कळलं नाही, याची त्याला आता लाज वाटत होती. जळणारा माणूस ट्रे बघत नाही. डेन्झिलनं बघितला नाही आणि त्यानंही नाही.

"डेन्झिल," लायल हळूच म्हणाला, "रडतोयस का रे? तू समोर आहेस, मला तुझं तोंड दिसत नाही. सांग."

डेन्झिलच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. खोलीतल्या बाकी पाच माणसांना ते दिसत होतं.

"नाही," तो म्हणाला.

"बरं," लायल म्हणाला, आणि त्यानं पाना मागितला. मॅव्हिसनं तो उचलून त्याच्या बोटांपर्यंत सरकवला, आणि या वेळी ऑर्विननं दिवा जवळ धरला.