रायभानची नसलेली फाइल

मी कॉम्प्युटरवाला माणूस. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा प्यायला जातो. तेव्हा हे रचून सांगून मला काही मिळायचं नाही. जे झालं ते माझ्यासमोर झालं.

साल १९९८. मे महिना. अंबड भागातला एक साखर कारखाना, नाव सांगत नाही.

आणि रात्र नव्हती... भर दुपार होती.

हंगाम संपलेला. गाळप बंद, ट्रक बंद, भोंगाही बंद. एरवी त्या आवाजाने डोकं उठायचं. आता तो नव्हता, तर कारखाना खायला उठत होता.

मी थकलो होतो. आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत माणसं दोनच, मी आणि रायभान. फेब्रुवारीत रायभान गेला. सलग ड्यूट्या करून पहाटे तीर्थपुरीला निघाला, मोटरसायकलवर डुलकी लागली...

घरी पोचलाच नाही.

तेव्हापासून दोघांचं काम माझ्या एकट्याच्या बोकांडी बसलं होतं. त्यात नवीन मशीन आलं. साहेब म्हणाले, "देवानंद, सगळं पुन्हा तपासून घ्या." सांगायला काय जातं!

काय तपासायचं, ते सोपं करून सांगतो. आमचा प्रोग्राम म्हणजे बऱ्याच छोट्या फाइल. एका मुख्य फाइलमध्ये लिहिलेलं असतं, अमकी आत घे, तमकी आत घे. 'मेक' नावाचं साधन ते वाचतं, सगळ्या गोळा करतं आणि एक प्रोग्राम बांधून देतं. एखादी फाइल सापडली नाही तर मेक तिथेच अडून बसतं. पण त्या ओळीच्या आधी एक आडवी रेघ टाकली, की गप्प पुढे जातं. आहे तर आहे, नाही तर नाही.

रायभानची फाइल नव्हती. वजनकाट्याच्या पावतीचं काम त्याचं होतं आणि त्याची फ्लॉपी खराब निघाली. म्हटलं, चला, तपासायला बरं झालं.

आधी रेघ न टाकता चालवलं. मेक अडलं. फाइल नाही, म्हणालं. बराबर.

मग रेघ टाकली. आता ते न थांबता पुढे जायला हवं होतं.

ते थांबलं...

तक्रार नाही, काही नाही. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं.

आणि बाहेर आवाज आला.

खट्... खट्...

आत धूळ नको म्हणून चपला दाराबाहेर काढायची आमची शिस्त होती. कोणीतरी चपला काढत होतं. टाचेला नाल ठोकलेल्या चपला.

तशा चपला आमच्याकडे एकच माणूस घालायचा.

दार उघडलं नाही. पण स्क्रीनवर ओळी धावायला लागल्या. प्रोग्राम तयार झाला. मी चालवून पाहिला तर पावती छापून आली. खाली बारीक चौकट काढायची रायभानची सवय होती, ती चौकटसुद्धा.

मी सगळं मशीन धुंडाळलं. त्याची फाइल कुठेच नव्हती.

बाहेर आलो. दाराशी फक्त माझ्या चपला. फरशी तव्यासारखी तापलेली, पाय ठेववेना. माझ्या चपलांशेजारी मात्र पावलाएवढ्या दोन जागा...

गार होत्या.

पुन्हा चालवलं. पुन्हा थांबलं. पुन्हा खट्... खट्...

मी पंखाबिंखा तसाच सोडून तीर्थपुरी गाठली.

रायभानची बायको, सत्यशीला वहिनी, सामान बांधत होती. माहेरी, धावड्याला, तिला अंगणवाडीत काम लागलं होतं. दुसऱ्या दिवशी भाऊ टेम्पो घेऊन येणार होता. इतक्या दिवसांनी तिच्या तोंडावर जरा तेज दिसत होतं. ती इथून सुटावी असं मलाही मनापासून वाटायचं. सांगायला जीभ रेटेना, पण सांगितलं.

ती रडली नाही. चिडली.

"मेल्यावर बी त्यांना ड्यूटीवर बोलवून राह्यले का, भाऊजी?"

"मी न्हाई बोलवलं, वहिनी. मी नुसतं तपासून राह्यलो होतो."

"त्या दिवशी ते घरी पोचलेच न्हाईत. सुट्टी झाली हे त्यांना बिलकुल ठाऊक न्हाई. तुम्ही सांगा त्यांना... म्हणा, काम झालं, घरी जा."

सासू, बायनाबाई, उंबऱ्याशी गहू निवडत होती. तिचा हात थांबला.

"गेलेल्याला घर दाखवू न्हाई, पोरी. तो आला तं मंग तू जाशील कशी?"

"मी उद्या चाल्ले की, आत्याबाई. त्यांना जरा निवांत पडू द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते चालवलं. ते थांबलं. बाहेर चपला वाजल्या. मी मागे वळून पाहिलं नाही.

"रायभान," मी म्हणालो, "सुट्टी झाली. घरी जा बाबा."

मी स्क्रीनकडेच बघत राहिलो...

मग चपला पायात घातल्याचा आवाज. आणि चालत गेल्याचा. हळूहळू, पाय ओढत, दमलेला माणूस चालतो तसा.

प्रोग्राम तयार झाला. या वेळी पावती आली नाही. मला इतकं हायसं वाटलं, की टेबलावर डोकं ठेवून मी रडलो.

संध्याकाळी वहिनीला सांगायला गेलो. टेम्पो दारातच उभा होता, रिकामा. तिचा भाऊ धर्मराज तोंड पाडून बसला होता.

"भरलेलं सामान उतरवलं तिनं," तो म्हणाला. "दुपारपासून कुणाचं ऐकूनच न्हाई राह्यली."

अंगणात लिंबाखाली बाज टाकलेली. बाजेवर उशी, खाली पाण्याचा तांब्या. वहिनी शेजारी बसून पदराने वारा घालत होती.

"वहिनी..."

तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

बाजेवर कोणी नव्हतं.

पण बाजेचं सुंभ मधोमध खाली झुकलं होतं...

पावतीचं काम मी नव्याने लिहून दिलं. त्यानंतर मेक कधी थांबलं नाही. तीर्थपुरीला जायचं म्हटलं की मात्र अजून मी काहीतरी निमित्त काढून टाळतो.

वहिनी तिथेच आहे. केस पिकले. अंगणवाडीचं काम केव्हाच दुसऱ्या बाईला गेलं. माहेरी कधी जाणार, असं कुणी विचारलं तर ती बाजेकडे बघते आणि हळूच सांगते,

"हे उठले की निघते."