मुका नवरदेव

ताटं गडगडत गेली ती थेट त्याच्या पायाशी.

सहा लाल लाकडी ताटं एकावर एक रचून, वरचं हनुवटीनं दाबून धरत उयेन कॉलेजच्या मंडळाच्या खोलीतून बाहेर पडली होती. समोरचं काही दिसत नव्हतं, भुरभुर पावसानं फरशी ओली झाली होती... व्हायचं तेच झालं! समोरून येणारा उंच मुलगा धावत सुटला आणि ताटं गोळा करून, शर्टाला पुसून, तिच्यापुढे घेऊन आला.

"घ्या. पाच. बरोबर आहेत ना?"

"पाच कशी असतील? सहा! साखरपुड्याला कधी पाच ताटं नेतात का?"

"आमच्याकडे नेतात. पाच, नाहीतर सात. विषमच लागतात."

"आमच्याकडे जोडीनं नेतात. आणि 'घ्या' काय म्हणतोस? मी तुझी मावशी आहे का?"

तो हसला. झुडपाखाली वाकून त्यानं सहावं ताट ओढून काढलं. "घे मग. लागली जोडी."

उयेनही हसली, आणि हसता हसता थांबली. ही बोली तिच्या ओळखीची होती. शब्द न् शब्द धार लावून बोललेला... ही उत्तरेकडची, हनोईकडची बोली. त्यांच्या वेस्टमिन्स्टरमध्ये, कॅलिफोर्नियातल्या या व्हिएतनामी वस्तीत, सगळे दक्षिणेतून जीव मुठीत धरून आलेले. तिथे ही बोली ऐकू आली की माणसं माना वळवून बघायची.

आणि तिचे वडील तर उठूनच जायचे. तिचा बा टीव्ही दुरुस्त करायचा. दुकानात एखाद्या टीव्हीवर हनोईचा निवेदक बोलायला लागला की स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून तो बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राही. उत्तरेनं युद्ध जिंकल्यावर सहा वर्षं त्याला त्यांच्या कैद्यांच्या छावणीत डांबलं होतं. त्याबद्दल त्यानं घरात कधी अवाक्षर काढलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

मुलाचं नाव बाख. शिकायला आलेला, त्याच आठवड्यात मंडळात दाखल झालेला. दोन हजार चार सालातली ही गोष्ट. कॉलेजच्या व्हिएतनामी मंडळात तेव्हा नव्वद पोरं होती, आणि खुद्द हनोईहून आलेला हा एकटाच.

तेतचा, म्हणजे नववर्षाचा, मंडळाचा कार्यक्रम तोंडावर आला होता. त्यात दरवर्षी साखरपुड्याच्या ताटांसकट लुटुपुटीचं लग्न लागायचं. यंदा नवरी उयेन होती. नवरदेवानं मात्र सिंहनाचाच्या तालमीत पाय मुरगळून घेतला, आणि भाड्यानं आणलेला निळा अंगरखा इतका लांब निघाला की बाकी पोरांच्या तो पायात यायचा.

"बाखला घाला रे!" मंडळाचा अध्यक्ष तोआन ओरडला. "देवानं याला अंगरख्याचं माप घेऊनच पाठवलंय!"

झालं! त्या दिवसापासून रोज दुपारी तालीम सुरू झाली. बाख विड्याची पानं मोजायचा, सुपारीच्या घडाला लाल फीत बांधायचा, आणि फीत बांधता बांधता तिच्याकडे बघायचा.

"गाठ सुटली बघ," ती म्हणायची.

"सुटू दे. परत बांधायला मिळेल."

"अभ्यास नाही वाटतं तुला?"

"आहे ना. चाललाय की."

उयेनचे कान तापायचे. ती पानं विनाकारण पुन्हा मोजायला घ्यायची. घरी जाताना बसमध्ये एकटीच हसायची. आणि घर जवळ आलं की हसू विरायचं. कारण मंडळाची एक रीत होती – नवरीचे खरे आईवडील मंचावर बसतात आणि नवरदेव त्यांना चहा देतो. बाखनं तोंड उघडलं की बा उठणार. भर सभागृहातून, सगळ्यांदेखत चालता होणार. आणि एकदा तो असा उठून गेला, की मग बाखचं नाव घरात कुठल्या तोंडानं काढायचं?

शेवटी तिनं बाखला सांगून टाकलं. बाचं, छावणीचं... सगळं.

बाखनं हातातली फीत खाली ठेवली. मग म्हणाला, "दक्षिणेची बोली बोलून बघू?"

त्यानं बोलून बघितली. तोआन हसून हसून जमिनीवर लोळला. उयेनला हसू आवरेना... पण बाख हसत नव्हता.

"नाही जमत गं. ही माझ्या आईची बोली आहे. दाराशी चपला काढून ठेवतात तशी काढून ठेवता येत नाही."

"मग... बोलूच नकोस? तेवढ्यापुरतं?"

विचारताना तिलाच लाज वाटली. बाखनं तिच्याकडे पाहिलं – ती नजर तिला लागली.

"बरं," तो म्हणाला. "मुका नवरदेव. तुझ्यासाठी."

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. सभागृह खच्चून भरलेलं. बा जुना करडा कोट घालून आलेला, मा जांभळ्या रेशमात. दोघं मंचावर खुर्चीत बसले. वऱ्हाड ताटं घेऊन आलं. वरपक्षाकडून तोआनच भाषण ठोकत होता आणि "आमचा मुलगा फार लाजतो हो!" म्हणून हशा मिळवत होता. इथवर सगळं सुरळीत.

मग बाख चहाची पेली घेऊन बासमोर वाकला. दोन्ही हातांत पेली, मान खाली... आणि तोंडातून चकार शब्द नाही.

बानं हात पुढे केला नाही.

उयेनच्या एकदम ध्यानात आलं. वडीलधाऱ्यांना नात्यानं हाक मारून 'घ्या' म्हटल्याशिवाय ते घोट घेत नाहीत! रोज ताटावर बसल्यावर "बा, जेवा, मा, जेवा" म्हटल्याशिवाय तिनं स्वतः कधी घास उचलला नव्हता. आणि नेमकं हेच कसं विसरलो आपण? तालमीत बाच्या जागी रिकामी खुर्ची होती, तिला कोण कशाला 'घ्या' म्हणेल?

पहिल्या रांगेत कुजबुज सुरू झाली. "काय वळण लावलंय पोराला!" एक बाई बोललीच. बाच्या कपाळावर आठी चढली. बाखच्या कानशिलावरून घाम ओघळला, तरी तो बोलेना. तिला शब्द दिला होता ना! चारशे माणसांत वेडा ठरत होता, पण शब्द मोडत नव्हता.

एवढं आपल्यासाठी आजवर कुणी केलं नव्हतं... आणि आपण त्याच्याकडून काय मागितलं? उयेन एक पाऊल पुढे सरकली.

"बोल," ती हळूच म्हणाली. "तुझ्या बोलीत बोल, बाख."

त्यानं मान वर केली.

"काका," तो म्हणाला, धारदार, स्वच्छ, हनोईच्या बोलीत, "चहा घ्यावा."

सभागृहभर माना उंचावल्या. बाची बोटं खुर्चीच्या हातावर आवळली गेली. आता उठतो... आता उठतो... पण तो उठला नाही. बऱ्याच वेळानं त्यानं दोन्ही हात पुढे केले, पेली घेतली आणि मांडीवर तशीच धरून ठेवली. लग्न लागलं, टाळ्या पडल्या, पडदा पडला. पेली भरलेलीच होती.

कार्यक्रमानंतर बा एकटाच गाडीपाशी उभा होता. उयेन नवरीच्या वेषातच त्याच्याकडे गेली. आज थांबायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.

"बा... माझ्यासाठी ते नाटक नव्हतं. मला तो आवडतो. खरंच आवडतो."

बा रस्त्याकडे बघत राहिला. ती जायला वळणार, तेवढ्यात तो बोलू लागला.

"सहा वर्षं रोज सकाळी त्या बोलीत माझा नंबर पुकारायचे. नाव नाही, नंबर. अजून ऐकलं की पाय आपोआप ताठ होतात." तो थांबला. "आज त्या बोलीत मला कुणी पहिल्यांदा काका म्हटलं."

उयेन त्याच्या शेजारी गाडीला टेकून उभी राहिली.

"चहा गार झाला होता," बा म्हणाला. "पडदा पडल्यावर प्यायलो मी. त्याला म्हणावं, येत्या रविवारी जेवायला ये. फक्त एकदम फार बोलू नकोस म्हणावं. माझ्या कानांना वेळ लागेल."

मग ती पळालीच, रेशमी घोळ दोन्ही हातांत गोळा करून! बाख सभागृहाच्या पायरीवर बसला होता, डोक्याचा निळा फेटा गुडघ्यावर.

"रागावले?" त्यानं धडपडत उठत विचारलं. "मी माफी मागू का त्यांची? चिठ्ठी लिहू?"

"रविवारी जेवायला बोलावलंय तुला."

त्यानं खाली पडलेला फेटा उचलला. मग हळूच म्हणाला, "आणि मी... तिथे बोलायचं, की नाही?"

"थोडं थोडं बोल," उयेन म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पण माझ्याशी भरपूर बोल. आत्ताच बोल. इतके दिवस फिती बांधत जे सांगत नव्हतास, ते आधी सांग."

आणि बाखनं सांगितलं.