काराकेचा गलका

त्यानं झेंडा उलटा धरला होता. तांबडा पट्टा काठीकडे, तारा खाली... आणि तेही आमच्याच दुकानाच्या दारात!

"तारा वर असतो," मी म्हणाले. "निळ्या पट्ट्यावर. खलाशांना घर सापडावं म्हणून."

"माफ करा. मी आजच इथे आली आहे."

"आली?"

त्याचे कान लाल झाले. "आलो! माझी फ्रेंच जरा..."

"माझं फ्रेंच."

"बघा! म्हणूनच मी फार बोलत नाही."

आत ओबेलिन मावशीनं शिलाई मशीन थांबवलं. आम्ही दोघी वर्षभर आकादींचे, म्हणजे आम्हा इथल्या जुन्या फ्रेंच लोकांचे, झेंडे शिवतो; पंधरा ऑगस्टला, आमच्या सणाला, सगळं काराके गाव त्यांत न्हाऊन निघतं. "नाव काय रे तुझं?" तिनं विचारलं.

"ओव्हीद ब्रुसार्ड. लुइझियानाहून. तिकडे होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो."

"ब्रूसार! शेवटचं अक्षर गिळायचं, बाळा. इंग्रजांनी तुमच्या लोकांना इथून हाकलून जहाजात कोंबलं तेव्हा नाव तरी धड न्यायचं!"

तो खळखळून हसला. मी मात्र त्याच्या हातांकडे बघत होते. कोळंबीच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारे ते राकट हात कापडावरचा पिवळा तारा इतक्या हळुवार चाचपत होते की... मी उगीचच सुईत दोरा ओवायला घेतला.

दुसऱ्या दिवशी धुक्यात आम्ही धक्क्यावर फिरलो. त्यानं एका कोळ्याला मोठ्या हिमतीनं फ्रेंचमधून खेकड्यांबद्दल विचारलं. कोळ्यानं इंग्रजीत उत्तर दिलं. भला माणूस, त्याला वाटलं आपण पाहुण्याची सोय करतोय. पण ओव्हीदचा चेहरा पार उतरला.

मग तो म्हणाला, "फ्रेंच बोलली म्हणून माझ्या आजीला शाळेत मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावायचे. तिनं पुढे आपल्या मुलांना एक शब्दसुद्धा शिकवला नाही. मी सगळं रेडिओ ऐकून शिकलो, झेलिका. तिशीला आल्यावर."

मी त्याच्या बाहीवरचे धुक्याचे थेंब पुसले. पुसायची काही गरज नव्हती...

"इथल्या सगळ्याच मुली माणसाच्या इतक्या चुका काढतात?" त्यानं विचारलं.

"छे! मला तेवढा वेळ कुठे असतो?"

"मग माझ्यासाठी कसा काढलास?"

मी समुद्राकडे बघू लागले. धुक्यात समुद्र दिसतच नव्हता.

पंधरा तारखेला संध्याकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना आमचा गलका सुरू होतो: हाताला लागेल ते बडवायचं आणि आम्ही अजून इथे आहोत हे जगाला ऐकवायचं. रस्ता माणसांनी फुलला होता. ओव्हीद कडेला, भिंतीला टेकून उभा.

"ये ना!"

"मी बघतो नुसता. तोंड उघडलं की सगळ्यांना कळेल, मी इथला नाही."

मी मावशीचं पातेलं आणि डाव त्याच्या हातात कोंबला. "हे वाजवायला व्याकरण लागत नाही. बडव!"

तेवढ्यात चर्चच्या घंटा घणघणल्या, धक्क्यावरच्या बोटींनी भोंगे दिले आणि हजारो माणसांनी हातात असेल ते बडवायला घेतलं. पातेली, झाकणं, ढोल, शिट्ट्या! चाकांच्या खुर्चीतली नव्वदीची म्हातारी चमच्यानं किटली वाजवत होती. बापाच्या खांद्यावरची तान्ही मुलगी डोळे विस्फारून बघत होती. जमीन पायाखाली थरथरत होती. जन्मापासून ऐकत आलेला तो आवाज त्या दिवशी माझ्या छातीत शिरला. घरं जाळली, बायकामुलांना वेगवेगळ्या जहाजांत चढवलं, शाळेत तोंडं बंद केली... आणि तरी हे एवढे सगळे इथे! अंगावर सरसरून काटा आला.

मी वळून पाहिलं. ओव्हीद रस्त्याच्या मधोमध होता. डाव वाकेपर्यंत पातेलं बडवत होता, ओरडत होता, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. किटलीवाल्या म्हातारीनं त्याचा हात धरला. ती त्याच्या कानाशी फ्रेंचमधून काहीतरी म्हणाली आणि तो फ्रेंचमधूनच उत्तरला, न अडखळता.

गर्दी पांगल्यावर आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर बसलो. कानांत अजून आवाज घुमत होता.

"उद्या सकाळी माझी बस आहे," तो म्हणाला.

"हं."

"झेलिका... मी तुझ्या प्रेमात पडली आहे."

मला हसू आवरेना, आणि डोळेही आवरेनात. चूक सुधारावीशी वाटली नाही. "मीपण," मी म्हणाले.

"मग... राहू का?"

"बसचं काय?"

"बसला माझ्यावाचून जाता येईल."

मी त्याचा हात धरून त्याला घरी नेलं. मावशी कोंबडीचा रस्सा वाढत होती. तिनं आमच्या गुंतलेल्या बोटांकडे एकदा पाहिलं आणि टेबलावर तिसरी थाळी मांडली.

"बस, बाळा," ती म्हणाली. "अडीचशे वर्षांहून जास्त उशीर केलास. रस्सा गार होतोय."