देवराईतला परका अशोक

१९९५च्या चैत्रात आम्ही आंबिवलीहून डोंगराकडे निघालो, ते एका झाडाची मूठभर पानं आणायला! येऊरच्या ओढ्याकाठचे माझे सीताअशोक दरवर्षी फुलायचे, शेंगा मात्र पोकळ. प्रयोगशाळेत पानांतला डीएनए तपासला, तर सगळी एकाच आईची पोरं! परक्या घराण्यातलं झाड मिळालं, तरच बी धरणार होतं. आणि ते सापडलं कुणाला? शीलाला!

शीला प्रयोगशाळेत माझ्याच शेजारी बसायची. वर्षानुवर्षं रानं तुडवली मी, आणि ही एकदा सहलीला काय गेली, झाड शोधून आली. सरांनी तिची पाठ थोपटली, तेव्हा माझा नुसता तिळपापड झाला. तिचंही झाड त्याच घराण्यातलं निघो, असं मी चढणभर मनात घोकत होते.

देवराई कड्याच्या टोकाला होती. केशरी फुलांनी लगडलेला अशोक दरीवर झुकला होता. शीलाने फांदीला हात घातला, तोच आमचे वाटाडे गोमाजी ओरडले, "तोरू नको, ताई! देवीचा पान तोराचा नाय. आपसूक परलेला घ्याचा."

खाली नुसता कुजका पाचोळा. त्यातून कसला डीएनए मिळतोय! शीला रडकुंडीला आली, आणि मला आतून गुदगुल्या झाल्या.

इतक्यात वानरं आली. कोवळी पानं ओरबाडून अर्धी खात, अर्धी टाकत सुटली.

"आता घ्या!" गोमाजी हसले.

पण पानं पडत होती कड्याखालच्या कपारीत. शीलाला उंचीची भीती. मग मीच कमरेला दोर बांधून उतरले. डहाळी हाती आली. पायाखालचा दगड सुटला. मी लोंबकळले! वर ते दोघं टाचा रोवून दोर ओढत होते.

"मंदे, पानं सोड! दोन्ही हातांनी दोर धर!" शीला किंचाळली.

सोडते कसली! हिच्या झाडाची पानं मी आणली, हे जन्मभर ऐकवता येणार होतं. डहाळी दातांत धरली आणि चढले. वर पोचले, तर शीलाचे तळहात दोराने सोलून निघालेले. ती माझ्या गळ्यात पडून रडली. मला तिचा रागही धड करता येईना.

झाड परकंच निघालं. पुढच्या चैत्रात वानरांनी टाकलेल्या ताज्या फुलांचे पराग आम्ही माझ्या अशोकांना लावले. शेंगा टच्च भरल्या! पहिलं रोप उगवलं, तेव्हा शीलाने कुंडीवर चिठ्ठी चिकटवली: 'मंदाकिनीची नात'.

डोळे भरून आले माझे. आणि लगेच जळफळाटही झाला. हेसुद्धा तिलाच आधी सुचावं!